आवोमोने सोललेली झाडं

लाकडाची कंपनी आमच्या गावातून गेली तेव्हा मागे एक लालभडक मैदान ठेवून गेली. जंगलातून ओढून आणलेले ओंडके ते लोक तिथे रचायचे. यंत्रांनी तिथली माती इतकी चेपली होती की पावसाचं पाणीही आत शिरत नसे, वरच्यावर वाहत रस्त्यावर यायचं. कुदळ मारली की दगडावर मारल्यासारखी वाजायची.

हे मैदान म्हाताऱ्या एसोनोच्या रानात होतं. एसोनोचे दोन मुलगे. थोरला झांग घरीच होता. धाकटा एव्हिना कंपनीच्या ट्रकवर होता. कंपनी गेली तसा तोही तिच्या मागोमाग समुद्राकडे गेला आणि तिकडेच त्याने दुसरी बाई केली. इथे राहिली त्याची बायको मेंगे आणि तिच्या पाठीला बांधलेली तान्ही बिलोआ. मेंगेला माहेरी परत घ्यायला कुणी तयार नव्हतं. तिच्या लग्नात मुलीचं मोल म्हणून तिकडे गेलेल्या बकऱ्या त्यांनी कधीच खाऊन टाकल्या होत्या, आता परत कुठून देणार?

एसोनोने डोळ्यांदेखत वाटणी करून टाकायचं ठरवलं. तेव्हा झांगची बायको आवोमो पुढे झाली आणि सगळ्यांसमोर म्हणाली, "मामंजी, मेंगेला रस्त्यालगतची जागा द्या. एकटी बाई, कडेवर पोर. लांब रानात कुठे तंगडतोड करील?"

जमलेल्या बायांनी माना डोलावल्या. थोरली जाऊ असावी तर अशी. रस्त्यालगतची जागा म्हणजे ते लाल मैदान, हे एसोनोच्या लक्षात आलं होतं. पण त्याला भांडण नको होतं. कोकोची जुनी बाग, ओढ्याकाठची काळी माती आणि मागचं पडीक रान झांगकडे गेलं.

आवोमोला मेंगे पहिल्यापासून खुपायची. मेंगे नवी नवरी म्हणून आली त्या आठवड्यात सासूने तिच्या हातचा बोबोलो खाल्ला, पानात गुंडाळलेली ती कसाव्याची साधी उकडलेली कांडी, आणि म्हणाली, "आता कुठे या घरात बोबोलो शिजला." आवोमो तोवर सहा वर्षं त्याच घरात बोबोलो शिजवत होती. सासू गेली, पण ते वाक्य आवोमोच्या पोटात राहिलं.

वाटणीनंतर मात्र तिला बरी झोप लागायला लागली.

पहिल्या पावसाळ्यात मैदानावर नुसतं कमरेइतकं गवत माजलं. मेंगेने एका कडेला खुरपून भुईमूग लावला. तो पिवळा पडला आणि गेला. दुसऱ्या पावसात गवतातून छत्र्या वर आल्या. आसेंगची रोपं. आसेंग आमच्याकडे कुठेही उगवतं. वटवाघळं त्याची फळं खातात आणि उडताउडता बिया सांडतात. उघडी जमीन दिसली की आसेंग हजर. एका बारीक दांड्यावर हाताच्या पंजासारखी पसरलेली भलीमोठी पानं. लाकूड इतकं हलकं की पोरं अख्खा ओंडका डोक्यावर घेऊन पळतात. जळण म्हणून घ्यावं तर धूरच जास्त. फळी काढावी तर खिळा धरत नाही.

"उपटून टाक ती," आवोमो रस्त्यावरून जाता जाता ओरडली. "शेजारी राहून मला लाज वाटते. लोक म्हणतील, झांगच्या भावजयीच्या हातात कोयता नाही का?"

"कोयता आहे, ताई," मेंगे म्हणाली. "हातच दोन आहेत. एका हाताने हिला धरते."

तिने ती उपटली नाहीत. त्यात काही फार मोठा विचार नव्हता. पोर आजारी असायचं, दुसऱ्यांच्या शेतात कामाला जावं लागायचं, वेळच नव्हता. गाव तिला आळशी म्हणायचं, आणि गाव असं म्हणतंय याची खात्री आवोमो करून घ्यायची.

आसेंग वाढतं ते बघता बघता. बिलोआ पळायला लागली तेव्हा ती झाडं घराच्या छपरावर गेली होती. ती अक्षरं गिरवायला लागली तेव्हा त्यांच्या माथ्यांची एकमेकांत गुंफण झाली होती. खालचं गवत उन्हावाचून मेलं. मोठी पानं गळून पडायची, वाळून पापडासारखी वाजायची आणि पावसात कुजायची. बुंध्यातून फुटलेली मुळं माणसाच्या पायांसारखी जमिनीत रोवली गेली. एके दिवशी मेंगेने सहज काठी खुपसली, तर ती वीतभर आत गेली. जिथे कुदळ वाजायची, तिथेच.

मग तिथे गोगलगायी आल्या. मुठीएवढ्या, गुबगुबीत. आमच्याकडे पाहुण्याला वाढायची ही वस्तू. पहाटे मेंगे आणि बिलोआ टोपली भरून आणायच्या, आणि रस्त्यावर गाड्या थांबायच्या. आवोमोच्या ओढ्याकाठच्या काळ्या मातीत एकही गोगलगाय नव्हती. तिने चार दिवस शोधलं.

आणि एका संध्याकाळी झांग हात चाटतच घरी आला.

"कुठे होतास?" आवोमोने विचारलं.

"मेंगेकडे. गोगलगायीचं कालवण केलं होतं तिने. बाबांना दिलं, मलाही दिलं."

"इथे रांधलेलं उकिरड्यावर टाकू?"

"अगं, नुसतं चाखलं."

"मेजोच्या बापा, चाखायला बोट लागतं. तुझं कोपरापर्यंत माखलंय."

झांग हसला. आवोमो हसली नाही. त्या दिवसापासून झांग कुठून येतो, किती वेळाने येतो, येताना गुणगुणतो का, हे सगळं ती टिपायला लागली. झांगच्या मनात तसलं काही नव्हतं, हे मी शपथेवर सांगतो. त्याला खाण्यापलीकडे कसलीच हौस नव्हती. पण जळणाऱ्याला धूर दिसत नाही, सगळीकडे आगच दिसते.

पुढे पुढे त्या सावलीत दुसरीच झाडं उगवायला लागली. धनेश पक्षी आसेंगवर येऊन बसायचे आणि कुठूनकुठून खाल्लेल्या बिया टाकायचे. वाऱ्याबरोबर पंखाच्या बिया यायच्या. महागड्या लाकडाच्या सापेलीची रोपं आली, आकोम आलं, मसाल्याचं एझेझांग आलं. गुडघ्याएवढी झाली आणि तिथेच थांबली, वर जायला ऊन नव्हतं. एक गोष्ट मेंगेच्या लक्षात आली आणि तिने ती म्हाताऱ्याला विचारली. "मामंजी, एवढ्या आसेंगांखाली आसेंगचं एकही पिल्लू नाही. असं कसं?"

"त्याला आपल्याच सावलीत उगवता येत नाही," एसोनो म्हणाला. "ते दुसऱ्यांचीच पोरं वाढवतं." पुढच्याच वर्षी तो वारला.

दरम्यान सरकारी रोपवाटिकेची गाडी गावात आली आणि आबांगची रोपं वाटून गेली. आबांग म्हणजे लाकडांचा राजा. आवोमोने गाडीत उरतील तेवढी सगळी रोपं मागून घेतली. मागचं पडीक रान झांगकडून साफ करून घेतलं, जाळलं आणि ओळीत आबांग लावले.

"थोडी सावली राहू दे," झांग म्हणाला. "त्या गाडीवाल्यानेही सांगितलं."

"सावली कशाला? मला तिच्यासारखं छत्र्यांचं रान नको. थेट आबांग पाहिजेत. पोरं शहरातून येतील तेव्हा त्यांना दाखवायला काही हवं की नको?"

पोरं म्हणजे मेजो आणि त्याचे दोन भाऊ. तिघंही शहरात होती आणि दोन नाताळ आली नव्हती. मेंगेची बिलोआ मात्र रोज संध्याकाळी आईची वेणी घालत दारात बसलेली दिसायची. रस्ता ओलांडला की समोरच दार. आवोमोला तेही बघावं लागायचं.

आबांग पहिले काही महिने झकास वाढले. मग पानांवर गाठी आल्या. हिरव्या, फुगलेल्या, आत बारीक किडे. गाठी फुटल्या, शेंडे काळे पडले. नवा शेंडा फुटला की त्यालाही गाठी. उघड्या उन्हातल्या कोवळ्या आबांगला ही कीड लागतेच. आवोमो एकेक पान खुडत बसायची. मधल्या मोकळ्या जागेत आसेंगची रोपं डोकं काढायची, ती मात्र निरोगी, तुकतुकीत. ती त्यांना मुळासकट उपटायची, उपटताना शिव्या द्यायची. शेवटी आबांगच्या ओळींत नुसत्या काड्या राहिल्या.

त्याच आठवड्यात शेजारच्या गावच्या बायका मेंगेचं रान बघायला आल्या आणि जाताना आवोमोच्या काड्यांपाशी थांबून एकीने विचारलं, "इथे काय, वाल लावलेत का?"

पुढच्या रविवारी आवोमोने पोट दुखतंय म्हणून सांगितलं. सगळा गाव पाद्रीबाबांच्या देवळात गेला. ढोल सुरू झाला, गाणं सुरू झालं. आवोमोने कोयता घेतला, रस्ता ओलांडला आणि मेंगेच्या आसेंगांत शिरली.

तोडायचं तिच्या मनात नव्हतं. तोडल्याचा आवाज होतो. तिने बुंध्याभोवती साल गोल सोलली, वीतभर रुंद, आतलं पांढरं लाकूड दिसेपर्यंत. एक झालं, दुसरं झालं. ढोलाच्या तालावर तिचा हात चालत होता. सगळ्यात मोठी, सगळ्यात दाट सावलीची झाडं तिने निवडली. घामाने भिजली, घसा सुकला. पाणी आणलं नव्हतं. मग शिकारी करतात तसं तिने एका झाडाचं उंच मूळ छाटलं आणि त्यातून ठिबकणारं पाणी तोंड लावून प्याली. थंडगार होतं. पिऊन झाल्यावर तिने त्याच झाडाची साल सोलली.

देवळातलं गाणं थांबलं तेव्हा ती घरी येऊन पोटावर गरम फडकं ठेवून पडली होती.

झाडं लगेच मरत नाहीत. मेंगेला दुसऱ्याच दिवशी सालींचे ढीग दिसले. ती मुखियाकडे गेली, मुखियाने सगळ्यांना बोलावलं, सगळ्यांनी हात वर केले. कुणी म्हणालं भुतं, कुणी म्हणालं एव्हिनाची समुद्राकडची बाई. महिन्याभराने पानं पिवळी पडली आणि गळतच राहिली. मेंगे झाडांखाली बसून रडली. आवोमो तिच्या शेजारी जाऊन बसली, पाठीवरून हात फिरवला.

"कुणाचं वाईट केलं होतं मी, ताई?"

"जग वाईट आहे, बये," आवोमो म्हणाली. त्या दिवशी ती भरपेट जेवली.

कोरडे महिने संपता संपता वादळ आलं. वादळानंतर मेंगे मेलेल्या खोडांवरची अळंबी गोळा करत होती. एक सुकलेलं आसेंग मध्येच मोडलं आणि तिच्या खांद्यावर आलं. हलकं लाकूड म्हणून ती वाचली, पण गळ्याजवळचं हाड मोडलं. तिची किंकाळी सगळ्यात आधी आवोमोने ऐकली, कारण आवोमो समोरच्या दारातून तिच्याकडेच बघत बसली होती. ती धावत गेली, खोड बाजूला ढकललं, मेंगेला पाठीवर घेतलं आणि आपल्या घरी आणलं. हाडवैद्य येईपर्यंत तिचा हात धरून बसली.

मग बरेच दिवस आवोमोने मेंगेचं पाणी भरलं, तिला घास भरवला. घाबरली होती ती. रात्री दचकून उठायची आणि मेंगेचा श्वास चालू आहे ना, हे बघून यायची. पण हेही खरं की रोज कुणी ना कुणी मेंगेला भेटायला यायचं, कुणी कोंबडी आणायचं, कुणी केळ्याचा घड, आणि आवोमो ते आत ठेवताना मनात म्हणायची, माझं हाड मोडलं तर कोण येईल?

"ताई, तू देवमाणूस आहेस," मेंगे एकदा तिचा हात धरून म्हणाली.

आवोमो उठून बाहेर गेली.

मेंगे हिंडायला लागली तोवर तिच्या रानात भलताच प्रकार सुरू झाला होता. वरचं छत गेलं, ऊन जमिनीपर्यंत आलं. गोगलगायी कमी झाल्या खऱ्या. पण इतकी वर्षं गुडघ्याएवढी थांबलेली ती रोपं जणू कुणी दार उघडल्यासारखी वर सुटली. आकोम तर एका पावसात माणसापेक्षा उंच झालं. सापेली सरळसोट निघाली. मेलेली आसेंग एकेक करून पडली, कुजली आणि त्यांचीच माती झाली. गावातले जुने लोक बघून गेले आणि म्हणाले, आसेंग तशीही म्हातारी झाली होती. त्यांचं आयुष्य तेवढंच. आणखी काही वर्षांनी आपोआप गेलीच असती. पण गेली ती अगदी वेळेवर. तुझं नशीब मोठं, मेंगे.

नशीब. हा शब्द आवोमोला रोज ऐकायला लागला. पाणवठ्यावर, बाजारात, स्वतःच्या चुलीपाशी झांगच्या तोंडून. आपण तिचं वाटोळं करायला गेलो आणि तिचं भलं झालं, हे एक. आणि त्याचं श्रेय तिच्या नशिबाला, हे दुसरं. दुसरं जास्त झोंबत होतं.

बिलोआचं लग्न ठरलं. मांडव त्याच रानात घातला. जेवणं झाली, ताडाची दारू फिरली, आणि पाद्रीबाबा बोलायला उभे राहिले. "या भूमीकडे बघा," ते म्हणाले. "कंपनीने हिची हाडं मोडली होती. या एकट्या बाईने धीर धरला. आणि वेळ आली तेव्हा देवाने आपल्या हाताने वरचं छप्पर काढलं आणि या लेकरांवर ऊन सोडलं."

"आमेन," लोक म्हणाले.

"देवाने?" आवोमो उभी राहिली. तिच्या हातातला पेला हिंदकळला. "देव त्या दिवशी देवळात तुमची गाणी ऐकत होता. मी काढलं ते छप्पर! या हातांनी! साल सोलून सोलून तळव्याला फोड आले माझ्या. आणि तुम्ही नशीब नशीब काय लावलंय?"

कुठेतरी एक पोर हसलं आणि त्याच्या आईने त्याच्या तोंडावर हात ठेवला. झांगने डोकं दोन्ही हातांत धरलं. आपण काय बोललो, हे आवोमोला तेव्हा कळलं. ती हळूहळू खाली बसली.

दुसऱ्या दिवशी मुखियाच्या अंगणात पंचायत बसली. मुखिया म्हणाला, एक बकरा आणि सगळ्यांसमोर माफी. आवोमोने माफी मागितली.

"बकरा नको मला," मेंगे म्हणाली. ती रडत नव्हती. मोडून जुळलेला खांदा एका बाजूला थोडा खाली झुकलेला होता. "झाडं मेली त्याचंही काही नाही. पण मी अंथरुणावर पडले होते तेव्हा हिला देवमाणूस म्हणाले. ते माझे शब्द मला परत पाहिजेत. ते कसे देणार, ते हिला विचारा."

मुखियाने आवोमोकडे बघितलं. पंचायत उठली.

मेंगे तिच्याशी बोलायची बंद झाली. समोरासमोर दारं, एकच पाणवठा, पण शब्द नाही. शिव्या दिल्या असत्या तर आवोमोला बरं वाटलं असतं. बाकीच्या बायकांनी काही दिवस टोमणे मारले, मग त्यांना दुसरे विषय मिळाले. आवोमोने शेतात जायचं जवळजवळ सोडलं. मागच्या रानाकडे, त्या आबांगच्या काड्यांकडे, ती फिरकलीच नाही. बिलोआला पहिला मुलगा झाला, तो चालायला लागला, तरी ती गेली नाही.

एका दुपारी झांग म्हणाला, "मागे जाऊन बघ जरा."

"काय बघू? माझी फजिती?"

"बघ तर."

ती गेली. आसेंग उभी होती. उपटायला कुणी नव्हतं, म्हणून उगवली होती, दोन पुरुष उंच, दाटीने. खाली गवत विरळ झालं होतं. आणि त्या सावलीत, मेला म्हणून सोडलेल्या एका आबांगच्या बुडख्याला नवा कोंब फुटला होता. पानांवर गाठ नव्हती. आवोमोने एकेक पान उलटून बघितलं. तिच्या डोळ्यांत पाणी आलं. आणि ते पुसायच्या आत तिच्या मनात पहिला विचार आला तो हा, की मेंगेची आसेंग या वयात एवढी उंच होती का?

मग ती रोज जायला लागली. काही करायची नाही, नुसती बसायची. एकदा मागे पाचोळा वाजला. वळून बघते तर मेंगे, कडेवर नातू.

आवोमो उठून उभी राहिली. मेंगे झाडं बघत होती, तिच्याकडे नाही.

"फार दाटी झालीय," मेंगे म्हणाली. "थोडी काढ. नाहीतर मरतील."

"माझं रान आहे. काढीन नाहीतर ठेवीन."

"ठेव. माझं काय जातंय?"

"तुझी नव्हती का दाट? ती कुठे मेली?"

"माझी मेली नाहीत," मेंगे म्हणाली. "मारली."

आवोमोने मान खाली घातली. मेंगे जाईल असं तिला वाटलं. पण ती गेली नाही. नातवाला तिने खाली सोडलं, तो पाचोळ्यात पाय आपटत आवाज काढायला लागला.

"तुझ्या झाडांपेक्षा सरळ वाढलीत, एवढं तर बघ," आवोमो हळूच म्हणाली.

मेंगेने मान वर करून एकेक खोड नीट न्याहाळलं. "वाकडी आहेत," ती म्हणाली.

"डोळे गेले तुझे."

"डोळे शाबूत आहेत, म्हणून तर वाकडी दिसतात. ते बघ, ते कोपऱ्यातलं. तुझ्या बोबोलोसारखं."

"माझा बोबोलो वाकडा? दोन वर्षं जेवलीस ना ग माझ्या हातचं, सासू असताना? तेव्हा नाही दिसला वाकडा?"

"दिसला. बोलले नाही. लहान होते."

आवाज इतके चढले की झांग घरातून धावत आला. दोघी समोरासमोर कमरेवर हात ठेवून उभ्या होत्या, मध्ये पोरगं पाचोळा उडवत होतं. त्याने एकीकडे बघितलं, दुसरीकडे बघितलं. मग मागे फिरला आणि घरी जाऊन स्वतःच चूल पेटवायला बसला. या आता लवकर येत नाहीत, हे त्याला कळलं होतं.